पॉडचे स्वप्न आणि ई-रिक्षाचे वास्तव

लहान गाडी, हव्या त्या वेळी, थेट ठिकाणावर. चालकरहित पॉड टॅक्सी जे देऊ म्हणते, ते लखनौची ई-रिक्षा आपल्या परीने आजच देते आहे. मग एकीला सरकारी प्रकल्पाचा मान आणि दुसरीला पोलिसांची काठी, असे का? उत्तर प्रदेशच्या राजधानीतला हा प्रश्न मुंबई, नाशिकसह देशातल्या प्रत्येक वाढत्या शहराचा आहे.

लखनौच्या चारबाग रेल्वे स्थानकातून बाहेर पडलेल्या प्रवाशाला विमानतळावर किंवा हजरतगंजला जायचे असेल, तर त्याची सोय उत्तम आहे. जवळच मेट्रोचे उन्नत स्थानक आहे. तिथे स्वच्छ फलाट, सरकते जिने आणि वेळेवर येणारी वातानुकूलित गाडी त्याची वाट पाहत असते. पण त्याच प्रवाशाला अमीनाबादच्या बाजारात, ‘चौक’ नावाच्या जुन्या वस्तीत किंवा किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाच्या रुग्णालयात जायचे असेल, तर मेट्रोचा उपयोग नाही. त्याला रस्त्यावर उभ्या ई-रिक्षांपैकी एकीत बसावे लागते. चार प्रवासी जमले की ती निघते. कधी कधी पाचवाही चालकाशेजारी कसाबसा टेकतो. गाडीला ठरलेला थांबा नाही, लिहिलेले वेळापत्रक नाही, भाड्याचा छापील तक्ता नाही. तरीही ती रोज असंख्य माणसांना नेऊन पोहोचवते. जिल्ह्याच्या गावाहून आजारी माणसाला घेऊन आलेल्या कुटुंबासाठी लखनौची सार्वजनिक वाहतूक म्हणजे हीच.

याच लखनौत उत्तर प्रदेशचे मंत्रिमंडळ बसते आणि याच मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये एका वेगळ्याच वाहनाला पसंती दिली. नोएडाच्या नव्या आंतरराष्ट्रीय विमानतळापासून नियोजित चित्रनगरीपर्यंत १४.६ किलोमीटरचा पॉड टॅक्सीचा मार्ग आणि त्यावर १२ स्थानके, असा तो आराखडा होता. खर्चाचा अंदाज सुमारे ६४२ कोटी रुपयांचा होता. भारतातली पहिली पॉड टॅक्सी म्हणून त्याची जाहिरातही झाली. पुढे निविदांना अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही. एका राज्यातली ही दोन चित्रे शेजारी ठेवली की शहरी वाहतुकीबद्दलच्या आपल्या विचारातली एक जुनी खोड दिसते. गरज सिद्ध झालेल्या वाहनाकडे आपण समस्या म्हणून पाहतो आणि गरज सिद्ध न झालेल्या वाहनाकडे उत्तर म्हणून.

कल्पना जुनी, मोहक आणि अवघड

पॉड टॅक्सी ज्या प्रकारात मोडते, त्याला स्वयंचलित वैयक्तिक वाहतूक म्हणता येईल. चार ते सहा आसनांची, विजेवर चालणारी, चालक नसलेली गाडी स्वतःच्या स्वतंत्र मार्गावरून धावते. स्थानके मुख्य मार्गाला लागून, पण त्यापासून बाजूला काढलेली असतात. त्यामुळे एक गाडी स्थानकात थांबली तरी मागच्या गाड्या अडत नाहीत. प्रवाशाने आपले ठिकाण सांगायचे, गाडीत बसायचे आणि मधल्या कोणत्याही स्थानकावर न थांबता थेट तिथे उतरायचे. रेल्वेची शिस्त आणि टॅक्सीची मोकळीक एकाच वाहनात आणण्याचा हा प्रयत्न आहे. कल्पना म्हणून त्यात खोट काढण्यासारखे काही नाही. रात्री एकटीने प्रवास करणाऱ्या स्त्रीला, चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला किंवा लहान मुलांना घेऊन निघालेल्या कुटुंबाला असे वाहन कोणाला नको असेल?

मात्र ही कल्पना गेल्या पाच-सहा दशकांपासून जगभर फिरते आहे आणि प्रत्यक्षात फार थोड्या ठिकाणी उतरली आहे. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या मॉर्गनटाउन या विद्यापीठाच्या गावी १९७५ पासून अशी व्यवस्था चालू आहे. सुमारे १४ किलोमीटरचा मार्ग, पाच स्थानके आणि सत्तरेक गाड्या एवढा तिचा पसारा. १९७२ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी ती दाखवता यावी म्हणून काम घाईने रेटले गेले आणि खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पट झाला. पण एकदा सुरू झाल्यावर ती टिकली, कारण विद्यापीठाची विखुरलेली संकुले आणि त्यांच्यात दिवसभर ये-जा करणारे विद्यार्थी ही तिची हक्काची गरज होती. पॅरिसमध्ये ‘आरामिस’ नावाच्या अशाच प्रकल्पावर अनेक वर्षे संशोधन झाले आणि १९८७ मध्ये तो गुंडाळला गेला.

लंडनच्या हीथ्रो विमानतळावर २०११ पासून पाचव्या टर्मिनलपासून वाहनतळापर्यंत २१ पॉड धावतात. मार्गिका चार किलोमीटरहूनही कमी आणि स्थानके तीन. अबू धाबीजवळच्या मस्दर शहराचा मूळ आराखडा याहून धाडसी होता. सारे शहर चौथऱ्यावर उचलायचे, खाली पॉड फिरवायचे आणि वर फक्त पादचारी, असे ठरले होते. प्रत्यक्षात २०१० मध्ये दहा प्रवासी गाड्यांचा छोटा टप्पा सुरू झाला आणि उरलेला बेत सोडून देण्यात आला. दक्षिण कोरियातल्या सुनचॉन शहरात २०१४ मध्ये उद्यान आणि खाडी यांना जोडणारी अशी सेवा सुरू झाली. ती तोट्यात गेली, चालवणारी कंपनी आणि शहर प्रशासन यांच्यात वाद झाला आणि अखेर ती प्रशासनालाच आपल्याकडे घ्यावी लागली.

या यादीतून एक गोष्ट स्पष्ट होते. पॉड जिथे टिकले तिथे विद्यापीठ किंवा विमानतळ होता. म्हणजे जागेचा मालक एक, प्रवाशांचा प्रकार ठाऊक, मागणी दिवसभर पसरलेली आणि अंतर लहान. आजवर कोणत्याही मोठ्या शहराने पॉडला आपल्या वाहतुकीचा कणा केलेले नाही.

बोटांवर मोजता येणारे गणित

याचे कारण साध्या गुणाकारात आहे. सहा आसनांची गाडी दर १५ सेकंदांनी सोडली, तर तासाला २४० गाड्या होतात. प्रत्येक गाडी पूर्ण भरली असे मानले तरी एका दिशेला तासाला १,४४० प्रवासी. पण पॉडचा गाभाच वैयक्तिक प्रवासाचा आहे. अनोळखी माणसांना एकत्र कोंबायचे नाही असे म्हटले, तर सरासरी दोन-तीन माणसेच एका गाडीत बसतील आणि हा आकडा निम्म्यावर येईल. याउलट साठ प्रवाशांची साधी बस दर मिनिटाला सोडली, तर तासाला ३,६०० माणसे जातात. लखनौ मेट्रोच्या चार डब्यांच्या गाडीत सुमारे हजार माणसे मावतात. ती दर पाच मिनिटांनी सोडली तर तासाला बारा हजार.

आता हेच गणित ई-रिक्षाला लावून पाहू. नियमाप्रमाणे तिच्यात चार प्रवासी बसतात. दर दहा सेकंदांना एक ई-रिक्षा गेली, तर तासाला ३६० फेऱ्या आणि १,४४० प्रवासी. आकडा तोच. लखनौच्या गजबजलेल्या चौरस्त्यावर दहा सेकंदांना एक ई-रिक्षा हे दृश्य काही दुर्मीळ नाही. म्हणजे कोट्यवधी रुपयांचे खांब उभारून, त्यावर संगणकाने नियंत्रित गाड्या सोडून जी क्षमता मिळणार आहे, ती आजही त्या रस्त्यावर आहे. ती गलिच्छ, धोकादायक, बेशिस्त आहे हे खरे. पण मग सुधारायचे आहे ते नेमके काय, हा प्रश्न विचारायला हवा.

मुंबईच्या वाचकाला हा मुद्दा घराजवळचा वाटेल. वांद्रे-कुर्ला संकुलात पॉड टॅक्सी आणण्याच्या प्रकल्पाला मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने मार्च २०२४ मध्ये मंजुरी दिली. वांद्रे आणि कुर्ला या दोन रेल्वे स्थानकांना जोडणारा सुमारे ८.८ किलोमीटरचा मार्ग, ३८ स्थानके आणि १,०१६ कोटी रुपयांचा खर्च, म्हणजे किलोमीटरला साधारण ११५ कोटी. भाडे प्रतिकिलोमीटर २१ रुपये प्रस्तावित आहे. फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत रिक्षाचा दर किलोमीटरला १७ रुपयांच्या आसपास आहे आणि तोही तिघांत वाटून घेता येतो. या संकुलातला प्रवासी सकाळच्या दोन तासांत स्थानकावरून कार्यालयाकडे जातो आणि संध्याकाळच्या दोन तासांत परततो. गर्दीच्या वेळच्या एका बारा डबा लोकलमध्ये तासाभराच्या १,४४० प्रवाशांच्या दुपटीहून अधिक माणसे असतात. त्यातली मोजकीच संकुलात जाणारी असली, तरी एकामागून एक येणाऱ्या लोकलचा हा लोंढा पॉडच्या रांगेत कसा मावणार, याचे उत्तर प्रकल्पाच्या समर्थकांनी आकड्यांत द्यायला हवे. ते समाधानकारक असेल तर प्रकल्पाचे स्वागतच करावे.

मेट्रोच्या तुलनेत पॉड स्वस्त पडतात, हा त्यांच्या बाजूचा नेहमीचा युक्तिवाद आहे. तो वरवर खराही आहे. लखनौ मेट्रोच्या चारबाग ते वसंतकुंज या पूर्व-पश्चिम मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२५ मध्ये मान्यता दिली. ११.१६५ किलोमीटर, १२ स्थानके आणि ५,८०१ कोटी रुपये, म्हणजे किलोमीटरला ५०० कोटींहून अधिक. पण या खर्चाचे एक कारण समजून घेतले पाहिजे. बारापैकी सात स्थानके भुयारी आहेत, कारण मार्ग अमीनाबाद, पांडेगंज आणि चौक या दाट वस्त्यांकडे जातो. बडा इमामबाडा आणि रूमी दरवाजा यांसारखी स्मारकेही याच भागात आहेत. केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि पुढच्या २०० मीटरमध्ये नियंत्रण, असा कायदा आहे. म्हणजे ज्या गल्ल्यांना वाहतुकीची सर्वाधिक गरज आहे, तिथे पॉडचे खांब उभेच राहू शकत नाहीत. मोकळ्या रुंद रस्त्यांच्या नव्या वस्त्यांत ते राहतील, पण तिथे बसही सहज धावू शकते.

मानकांचे शहर

या चर्चेत लखनौला आणखी एका कारणाने महत्त्व आहे. भारतीय रेल्वेची संशोधन, अभिकल्प व मानक संघटना, म्हणजे आरडीएसओ, १९५७ मध्ये स्थापन झाली. तिचे मुख्यालय लखनौत आहे आणि त्या परिसराचे नावच मानकनगर आहे. डब्याचे चाक किती झिजले म्हणजे बदलायचे, येथपासून नव्या मेट्रो गाडीला किती वेगाने धावू द्यायचे, येथपर्यंतचे निर्णय तिच्या चाचण्यांवर ठरतात. रेल्वे सुरक्षा आयोगाचे मुख्यालयही लखनौतच आहे. हा आयोग रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत ठेवला आहे. चालवणारा आणि तपासणारा यांचे वरिष्ठ एकच नसावेत, हा त्यामागचा विचार. देशातली कोणतीही मेट्रो सुरक्षा आयुक्तांच्या परवानगीवाचून प्रवाशांसाठी खुली होत नाही.

चालकरहित गाडी ही आता भारताला नवलाई राहिलेली नाही. दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा मार्गिकेवर डिसेंबर २०२० पासून ती धावते. ते शक्य झाले कारण मेट्रोसाठी कायदा होता, मानके होती आणि तपासणारी यंत्रणा होती. पॉडच्या बाबतीत आपण नेमके इथे अडखळलो. २०१६ च्या सुमारास गुरुग्राम परिसरात टांगत्या पॉडचा सुमारे १२ किलोमीटरचा प्रायोगिक मार्ग उभारण्याची तयारी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने केली होती. नीती आयोगाने सुरक्षेचे प्रश्न उपस्थित केले. तज्ज्ञ समितीने अमेरिकेतल्या स्वयंचलित वाहतुकीच्या मानकांचा आधार घेऊन नव्याने निविदा काढण्याची शिफारस केली. प्रकल्प पुढे सरकला नाही. त्याआधी २०११ मध्ये अमृतसरला रेल्वे स्थानक आणि सुवर्णमंदिर यांना जोडणाऱ्या सव्वातीन किलोमीटरच्या पॉड मार्गाचा गाजावाजा झाला होता. तोही उभा राहिला नाही.

या अपयशांचा दोष यंत्राला देणे सोपे आहे. पण ज्या वाहनाची नियमावली देशात तयार नाही, त्याची निविदा आधी काढायची आणि सुरक्षेचे प्रश्न नंतर विचारायचे, हा क्रमच चुकीचा होता. रस्त्यावरून खांबांवर उचललेल्या गाडीत आग लागली तर प्रवासी कुठून उतरणार? वीज गेली तर शंभर छोट्या गाड्यांतली माणसे कशी सोडवणार? संगणकप्रणाली कोणाच्या मालकीची आणि तिची दुरुस्ती वीस वर्षांनी कोण करणार? हे प्रश्न विरोधकांनी काढलेले नाहीत. कोणत्याही रेल्वे अभियंत्याने पहिल्याच बैठकीत विचारावेत असे ते आहेत.

या प्रश्नांची किंमत मुंबईने मोजली आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या मोनोरेलचे तंत्रज्ञान एकाच परदेशी कंपनीच्या हाती होते. २०१७ मध्ये डब्यांना आग लागली आणि सेवा कित्येक महिने बंद राहिली. २०१८ च्या अखेरीस कंत्राट रद्द करून प्राधिकरणाला ती स्वतः चालवायला घ्यावी लागली. सुटे भाग मिळणेही मुश्कील झाले. ऑगस्ट २०२५ मधल्या मुसळधार पावसात गाडी उंचावर अडकली आणि शेकडो प्रवाशांना शिडीने उतरवावे लागले. पुढच्याच महिन्यात दुरुस्तीसाठी सेवा थांबवण्यात आली. नाशिकची कथा वेगळी, पण बोध जवळचाच. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात टायरवर धावणाऱ्या ‘मेट्रो निओ’साठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले. नाशिककर आजही त्या गाडीची वाट पाहत आहेत. नव्या नावाच्या वाहनाची घोषणा होते तेव्हा शहराची साधी बस मागे पडते आणि घोषणा विरली की दोन्ही नसतात.

ई-रिक्षाचा गुन्हा कोणता?

आता पुन्हा चारबागच्या रस्त्यावर येऊ. ई-रिक्षा कोणत्याही सरकारी आराखड्यातून आलेली नाही. सायकलरिक्षा ओढणाऱ्या माणसाने छाती फुटेपर्यंत केलेल्या कष्टांना बॅटरीने दिलेला तो पर्याय होता. २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नियम नसलेल्या या वाहनावर बंदी घातली, तेव्हा केंद्राने घाईने नियम केले. चार प्रवासी, ४० किलो सामान आणि ताशी २५ किलोमीटरची वेगमर्यादा ठरली. २०१५ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. २०१६ मध्ये या वाहनाला परवान्याच्या अटीतून सूट मिळाली. गरिबाला कार्यालयाच्या चकरा मारायला लागू नयेत हा हेतू चांगला होता. परंतु परवाना हेच परिवहन प्राधिकरणाच्या हातातले एकमेव साधन होते. कोणत्या मार्गावर किती गाड्या, हे ठरवण्याची शक्ती त्यासोबत गेली.

परिणाम समोर आहे. जिथे प्रवासी अधिक तिथे गाड्यांची झुंबड उडते आणि जिथे प्रवासी कमी तिथे एकही फिरकत नाही. मेट्रो स्थानकाच्या दारात कोंडी, तर गोमतीनगर विस्तारासारख्या लांबच्या वस्तीत संध्याकाळी वाहनासाठी पायपीट. अनेक चालक गाडी रोजच्या भाड्याने घेतात. ते भाडे फिटेपर्यंत त्यांना थांबण्याची मुभा नसते, म्हणून ते कुठेही वळतात आणि कुठेही उभे राहतात. प्रशासनाच्या हाती मग बंदीचा आदेश एवढेच उरते. शहरातल्या काही प्रमुख रस्त्यांवर ई-रिक्षांना मनाई आहे. बंदी मोडली की दंड, दंड भरला नाही की गाडी जप्त. ज्या कुटुंबाची चूल त्या गाडीवर पेटते, त्याला या व्यवस्थेत फक्त शिक्षेची बाजू दिसते.

उलट पॉडला जन्माआधीच काय काय मिळते ते पाहा. स्वतंत्र मार्गिका, निश्चित थांबे, गाड्यांची मोजलेली संख्या, चार्जिंगची जागा, ठरलेले भाडे, विमा, तक्रारीसाठी नियंत्रण कक्ष आणि गुंतवणूकदाराला तीस वर्षांचा करार. पॉडची शिस्त यंत्रातून येते असे आपण समजतो. बऱ्याच अंशी ती या करारातून येते. यातली मार्गिका सोडली, तर बाकीचे सारे ई-रिक्षाला देता येण्यासारखे आहे आणि त्यासाठी खांब उभारावे लागत नाहीत.

लखनौच्या ज्या इमामबाड्याभोवती आज या रिक्षा फिरतात, त्याचे बांधकाम नवाब असफउद्दौलाने १७८४ च्या दुष्काळात हाती घेतले, ते लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून. सार्वजनिक खर्चाने किती हातांना काम दिले, हा हिशेब या शहराला नवा नाही. वाहतूक प्रकल्पाच्या अहवालात वाचलेल्या मिनिटांची किंमत रुपयांत मांडली जाते. गेलेल्या रोजगाराचा रकाना मात्र क्वचितच असतो. रोजगारासाठी धोकादायक वाहन चालू ठेवावे, असे म्हणणे नाही. पण चालक काढून टाकणे हीच आधुनिकता, हे गृहीतक ज्या राज्यात तरुण काम शोधत मुंबई आणि सुरतेला जातात तिथे तपासून घ्यायला हवे.

करायचे काय?

पहिली गोष्ट म्हणजे मेट्रोची अपुरी साखळी पूर्ण करणे. लखनौ मेट्रोचा पहिला टप्पा सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाला आणि मार्च २०१९ पासून विमानतळ ते मुन्शीपुलिया अशी सुमारे २३ किलोमीटरची, २१ स्थानकांची पूर्ण मार्गिका चालू आहे. प्रवासी संख्या प्रकल्पाच्या मूळ अपेक्षेपेक्षा बरीच कमी राहिली. स्थानकापासून घरापर्यंतचा शेवटचा दीड-दोन किलोमीटर तुटलेला असणे, हे त्याचे एक मोठे कारण आहे. २०१७ च्या राष्ट्रीय मेट्रो धोरणाने स्थानकाच्या दोन्ही बाजूंना पाच किलोमीटरपर्यंत पूरक वाहतुकीची योजना करण्यास आणि शहरासाठी एकात्म वाहतूक प्राधिकरण नेमण्यास सांगितले आहे. त्याची अंमलबजावणी हे नव्या वाहनाच्या शोधापेक्षा निकडीचे काम आहे.

दुसरी गोष्ट, ई-रिक्षांना शिस्तीसोबत अधिकार देणे. प्रत्येक मेट्रो स्थानकापासून ठरावीक पूरक मार्ग आखावेत. चालकांच्या सहकारी संस्थांशी किलोमीटरच्या हिशेबाने करार करावेत. कमी प्रवाशांच्या मार्गावर आणि रात्रीच्या फेऱ्यांना महापालिकेने फरक भरून द्यावा. अधिकृत थांबे आणि चार्जिंगची जागा द्यावी. मेट्रो आणि रिक्षा यांचे तिकीट एकाच कार्डावर यावे. या बदल्यात वाहनाची वार्षिक तपासणी, चार प्रवाशांची मर्यादा आणि चालकाचे प्रशिक्षण यांत कोणतीही सवलत देऊ नये. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला तर हा प्रयोग लखनौच्या आधी करता येईल.

तिसरी गोष्ट पॉडबद्दल. या तंत्रज्ञानाला दार बंद करण्याचे कारण नाही. लखनौत त्याला योग्य अशा जागा आहेत. रायबरेली मार्गावरच्या संजय गांधी पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेसारखे विस्तीर्ण रुग्णालय संकुल किंवा विमानतळाचा परिसर या जागा त्यातल्याच. तिथे मालक एक आहे, मागणी दिवसभराची आहे आणि चालता न येणाऱ्या माणसाला या गाडीचा खरा उपयोग आहे. अशा ठिकाणी दोन-तीन किलोमीटरचा मार्ग बांधावा. आरडीएसओने त्याची मानके आधी ठरवावीत, सुरक्षा आयुक्तांनी तो तपासावा आणि तीन वर्षांचे प्रवासी व बिघाडांचे आकडे सर्वांसाठी खुले ठेवावेत. ते उत्तम निघाले तर पुढे जावे. करारात सुटे भाग, संगणकप्रणालीचा ताबा आणि सेवा बंद पडल्यास खांब काढण्याचा खर्च यांची कलमे असावीत. मोनोरेलनंतर ही कलमे नसलेला करार करण्याची सबब कोणत्याही अधिकाऱ्याकडे उरलेली नाही.

माणसांना हलवायचे आहे, वाहनांना नव्हे, हे सूत्र २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने सांगितले होते. धोरण जुने झाले, पण त्याची कसोटी अजून लागू आहे. रात्री साडेनऊला मुन्शीपुलियाच्या मेट्रो स्थानकातून उतरलेली परिचारिका दीड किलोमीटरवरच्या आपल्या घरी किती वेळात, किती पैशांत आणि किती निर्धास्तपणे पोहोचते? पुढच्या वाहतूक प्रकल्पाची फाईल लोकभवनात आली की हा प्रश्न तिच्या पहिल्या पानावर असावा आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत ती पुढे सरकू नये.